पहिली बांगडी आईनं चढवली तर?

(वाचकाच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

"मी सत्तावीस वर्षांची, मूळची सोलापूरची, नोकरीला पुण्यात. मार्गशीर्षात माझं लग्न आहे. होणारा नवरा सोलापुरातल्याच पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरातला, आम्ही मराठी. दोन्ही घरं राजी आहेत. माझे बाबा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेले. तेव्हापासून आईनं एकटीनं घर चालवलं, लग्नाचा खर्चही तीच करते आहे. आता आत्यानं यादी केली आहे. घाणा भरायला, हळद लावायला, चुड्याच्या वेळी जवळ बसायला, ओटी भरायला, सगळीकडे सवाष्णी. आईचं नाव कुठंच नाही. कन्यादानाला काका-काकू. मी चिडले तर आत्या म्हणाली, 'तुझ्याच भल्यासाठी सांगतेय.' आणि आई स्वतःच म्हणते, 'मी मागं थांबते गं, तुझ्या संसाराला कशाला गालबोट?' मला वाटतं, हे सगळं सोडून सरळ कोर्टात जाऊन सह्या कराव्यात. पण ताई, खरं सांगते, रात्री मनात येतं की आई पुढं झाली आणि नंतर खरंच काही वाईट घडलं तर? या विचाराची फार लाज वाटते. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

पत्रातली जी ओळ लिहिताना तुझा हात अडखळला असेल, तिच्यापासूनच सुरुवात करते. त्या विचाराची लाज वाटून घेऊ नकोस. लग्नाच्या दिवशीचे सगळे शकून याच भीतीतून आले आहेत. जिच्यावर जीव आहे ती मुलगी उद्यापासून दुसऱ्या घरी राहणार, तिचं कसं होईल ते आपल्या हातात नाही, मग जे हातात आहे ते करायचं. हळद लावायची, हिरवा चुडा भरायचा, गालावर काजळाची तीट लावायची, ओटीत नारळ घालायचा. शिकल्यासवरल्या माणसाच्या काळजातही लग्नाच्या सकाळी देवापुढचा दिवा विझला तर चर्र होतं. तुझा आईवर अविश्वास नाही. तू घाबरली आहेस, एवढंच.

पण त्या भीतीला एक प्रश्न विचारून बघ. तुझ्या आईच्या लग्नात हळद कोणी लावली होती? तेव्हाचं लग्न म्हणजे सगळं रीतसर झालं असणार. पाचही जणी निवडून बोलावलेल्या, सवाष्ण, लेकुरवाळ्या. ओटी भरली गेली, गौरीहर पुजला गेला, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं गेलं. आणि तरीही बाबा गेले. आज आपल्या आजूबाजूला ज्या विधवा बायका आहेत, त्यांतल्या बहुतेकींना सवाष्णींनीच हळद लावली होती. त्या हळदीत खोट नव्हती, लावणाऱ्या हातांतही नव्हती. आजारपण आजारासारखं आलं. हे आत्यालाही ठाऊक आहे, कारण ते लग्न तिच्या सख्ख्या भावाचं होतं. हा प्रश्न तिला वादात गप्प करायला मात्र विचारू नकोस. रात्री जेव्हा तो विचार येईल, तेव्हा स्वतःलाच विचार.

आता आत्याची यादी घेऊन बसू. तू ती वाचलीस ती "आईला कुठं वगळलं" हे शोधत. मला वाटतं, तीच यादी एकदा "हे नेमकं कशासाठी करतात आणि कोण करतं" असंही वाचायला हवी. तसं वाचलं की यादीतल्या बऱ्याच गोष्टी आत्या सांगते तितक्या कडक नाहीत, हे लक्षात येतं.

चुडा भरताना कधी अगदी जवळून बघितलं आहेस? कासार पेटी उघडून बसतो. मुलीचा हात आपल्या हातात घेतो, अंगठ्याखालचा उंचवटा दाबत दाबत मऊ करतो, चारही बोटं एकत्र गोळा करतो आणि बांगडी हलके हलके फिरवत वर सरकवतो. माप घट्ट घ्यायचं, म्हणजे चुडा हातात नीट बसतो. म्हणून मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि भोवतीच्या बायका तिला हसतात. एखादी तडकली तर "वाढली" म्हणायचं आणि दुसरी घ्यायची. चुडा भरून झाला की मुलगी त्याला हळदकुंकू लावते, कासाराला नमस्कार करते. घरचे त्याला तांदूळ, नारळ, सुपारी आणि पैसे देतात. सौभाग्याचं इतकं मोठं लेणं, आणि ते मुलीच्या हातात चढवतं कोण? कासार. त्याची बायको हयात आहे की नाही, हे आजवर कोणी त्याला विचारलेलं मी ऐकलं नाही. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींनाही कोणी विचारत नाही. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या विधुर काकांना उठवून मागच्या रांगेत कोणी नेत नाही. जोडीदार गेल्यानं माणसाचा हात अशुभ होत असता, तर ही विचारपूस बायकांपुरती थांबली नसती. ही चाल शकुनातून आलेली नाही. नवरा गेलेल्या बाईनं कुठं बसायचं आणि काय ल्यायचं, हे ठरवणाऱ्या जुन्या समाजव्यवस्थेतून ती आली, आणि शकुनाच्या ताटात येऊन बसली.

गौरीहराचं बघ. मामानं आणलेली पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून मुलगी पाटावर बसते. समोर तांदळावर अन्नपूर्णा असते. बाहेर वऱ्हाडाचा गलबला चाललेला, आणि ही आत एकटी चिमूटचिमूट अक्षता वाहत "गौरी गौरी सौभाग्य दे, दारी आला त्याला आयुष्य दे" असं मनाशी म्हणत राहते. मला विचारशील तर लग्नातला सगळ्यांत सुंदर अर्धा तास हा. त्यातली अन्नपूर्णा माहेरहून येते. पुष्कळ घरांत आईच ती लेकीला देते आणि लेक ती सासरच्या देव्हाऱ्यात ठेवते. मग मुलीला बोहल्यावर आणायला येतो तो मामा, म्हणजे आईचाच भाऊ. तेव्हा आईचं माहेर आणि आईचा हात या शकुनांमध्ये आधीपासूनच आहे. तुला तो नव्यानं घुसवायचा नाही. आहे तो झाकला जाऊ नये, एवढंच बघायचं आहे. आत्याशी बोलताना या बाजूनं बोललीस तर तिला ते "परंपरा मोडणं" वाटणार नाही.

घाण्याचं थोडक्यात सांगते. दोन मुसळं एकत्र बांधून, आंब्याची पानं लावून, ओव्या म्हणत हळकुंडं कांडायची, हा लग्नघरातल्या दळणकांडणाचा मुहूर्त होता. शेजारपाजारच्या बायका कामाला हात लावायला यायच्या. आता ते पाच मिनिटांत आणि फोटोपुरतं होतं. तिथं आईनं मुसळाला हात लावला तर कोणाच्या लक्षातही यायचं नाही. यावर भांडणात वेळ घालवू नकोस.

आणि आपल्या सोलापूरकडे बघ ना. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळा होतो. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावायला सांगितला, त्या कथेचा तो सोहळा. त्या योगदंडाचं प्रतीक मानलेले, बाशिंग बांधलेले उंच नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी येतात, संमती वाचन होतं, "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" म्हटलं जातं आणि लाखो हातांतून अक्षता पडतात. तू लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून नक्की टाकल्या असशील. त्या गर्दीत कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण अविवाहित, कोण कुठल्या जातीची, हे कोणी विचारत नाही. ज्या गावाच्या ग्रामदैवताच्या लग्नात प्रत्येकाची अक्षता चालते, त्या गावात तुझ्या आईची तुझ्या लग्नात का चालू नये? हे वाक्य आत्याला सांगायला हरकत नाही. ती सोलापूरची आहे, तिला ते कळेल.

अशा बदलाला आधार हवा असेल तर तोही आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात त्याचं मूळ आहे. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथा बंद व्हाव्यात म्हणून मोहीम सुरू केली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं एका रात्रीत मनं बदलत नाहीत, हे मान्य. पण "असं कुठं असतं का?" असं कोणी विचारलं तर "असतं" म्हणायला तुझ्याकडे तारीखवार उत्तर आहे.

इथवर मी तुझ्याच बाजूनं बोलले. आता दोन गोष्टी तुला जरा टोचतील.

पहिली आत्याबद्दल. तुझ्या पत्रात आत्या खलनायिका झाली आहे. मला ती तशी दिसत नाही. तिचा भाऊ गेला आहे. भावाची एकुलती आठवण म्हणून ती तुझ्याकडे बघते, आणि तुझ्या बाबतीत कणभरही उणं राहू नये म्हणून तिनं आठवून आठवून यादी केली आहे. "तुझ्याच भल्यासाठी" हे तिचं म्हणणं खरं आहे. चूक आहे ती तिनं निवडलेल्या मार्गात. तिला यादीतून हाकलू नकोस. उलट तिचं काम वाढव. हळदीचं ताट तिच्या हातात दे, रुखवत तिच्यावर सोपव, वरातीच्या आधी दृष्ट तिनंच काढावी असं सांग. माणसाला मान मिळाला की हट्ट सैल होतो. आणि एक वाक्य तिच्याशी एकटीनं बसून बोल: "आत्या, बाबा असते तर त्यांनी आईला मागं उभं केलं असतं का?" हे रागानं विचारलंस तर टोमणा होईल. शांतपणे विचारलंस तर ती भावाला आठवेल.

दुसरी गोष्ट आईबद्दल, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तू धरून चालली आहेस की आईला पुढं यायचं आहे आणि समाज तिला अडवतो आहे. कदाचित तसंच असेल. पण तू तिला विचारलंस का? "मी मागं थांबते" या तिच्या बोलण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, तिचा खरंच तसा विश्वास आहे. दोन, तिला यायचं आहे, पण उद्या तुमच्यात साधं भांडण झालं, तुला बाळंतपणात त्रास झाला, जावयाची नोकरी गेली, तर सगळी बोटं तिच्याकडे वळतील, याची तिला धास्ती आहे. तीन, नवऱ्याशिवाय मांडवात सगळ्यांसमोर उभं राहणंच तिला झेपणार नाही. तिला रडू येईल, आणि लेकीच्या लग्नात तिला रडायचं नाही. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. दुसरी गोष्ट असेल तर तुझ्या एका वाक्यानं खूप फरक पडेल: "आई, पुढं माझ्या संसारात जे काही होईल, त्याचा दोष मी तुझ्या हाताला कधी देणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला देऊ देणार नाही." हे वाक्य होणाऱ्या नवऱ्यानंही तिच्यासमोर बसून म्हणावं. जावयाच्या तोंडून आलं की त्याला वजन येतं.

विचारताना "तू यायलाच पाहिजेस" असं म्हणू नकोस. चार वर्षं लोकांनी तिला मागं हो म्हटलं. आता आपण तिला पुढं हो म्हणून ढकलायचं, तेही बरोबर नाही. एकेक गोष्ट वेगळी विचार. हळद लावशील? चुड्याच्या वेळी जवळ बसशील? ओटी भरशील? काहींना ती हो म्हणेल, काहींना नाही. तिच्या नाहीला मान दे. तिला हिरवी साडी नेसायची नसेल तर नेसवू नकोस, कुंकू लावायचं नसेल तर आग्रह नको. तिला आवडणाऱ्या रंगाची एक चांगली साडी मात्र तू तुझ्या पगारातून घे. चाटी गल्लीत तिला सोबत घेऊन जा, तिचं तिला निवडू दे.

माझा स्वतःचा कल विचारशील तर चुड्यापासून सुरुवात करावी. हळदीला सगळं गणगोत असतं, कॅमेरे असतात, गाणी असतात. तिथं आईवर सगळ्यांची नजर राहील. चुडा आदल्या दिवशी घरच्या घरी भरला जातो, दहा-बारा बायका असतात. कासाराला आधीच सांगून ठेव, की पहिली बांगडी आईच्या हातात द्यायची. ती तिनं तुझ्या बोटांवर नुसती चढवावी, पुढची कासार बसवेल. आई तुझ्या हाताशी बसली आणि सगळं नेहमीसारखं पार पडलं, हे घरातल्या बायकांनी डोळ्यांनी बघितलं, की दुसऱ्या दिवशीच्या हळदीला निम्मा विरोध उरणार नाही. हळदीच्या वेळी "पाच सवाष्णी" ऐवजी "पाच जणी" म्हणा. आंब्याच्या पानानं पायापासून कपाळापर्यंत हळद लावायची, आधी आई, मग आजी, मग आत्या, काकू आणि एखादी मैत्रीण, लग्न झालेली असो वा नसो. तुमच्या नात्यात कोणी घटस्फोटित असेल, कोणाला मूलबाळ नसेल, तर तिलाही आवर्जून बोलाव. अशा कार्यांत त्या आपल्या आपणच कोपरा धरतात, आणि कोणी हाक मारली नाही हे त्यांना पुढं वर्षानुवर्षं आठवतं.

एक विनंती मात्र मनापासून. याचा समारंभ करू नका. माईकवरून "आता वधूच्या विधवा मातोश्री हळद लावणार आहेत" अशी घोषणा नको, टाळ्या नकोत, फेसबुकवर टाकायला व्हिडिओ नको. हल्ली हे फार दिसतं. हेतू चांगला असतो, पण त्या बाईला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर विधवा म्हणून उभं केलं जातं. तिला लेकीची आई म्हणून हळद लावायची आहे. इतर आया लावतात तशी तिला लावू दे, आणि फोटोवाल्याला इतर आयांचे काढतो तसेच फोटो काढू दे.

आता सासरकडचं. तू लिहिलंस की दोन्ही घरं राजी आहेत, त्यावरून सासरचे याही बाबतीत मोकळे असतील असं गृहीत धरू नकोस. त्यांच्याकडेही अशा कामांना मुत्तैदुवाच, म्हणजे सवाष्णीच लागतात. नाव वेगळं, चाल तीच. त्यामुळे आधी त्याच्याशी बोल, मग त्यानं आपल्या आईशी बोलावं. मांडवात कळलं असं होऊ नये. पण तुमच्या लग्नात एक फार चांगली सोय आहे. दोन भाषांची, दोन रिवाजांची माणसं एका मांडवात येणार, म्हणजे काही गोष्टी दोघांनाही नव्या असणारच. मुहूर्ताला ते जिरं आणि गूळ वाटून वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर ठेवायला लावतील. तुमच्या आत्याच्या सात पिढ्यांत हे कोणी केलं नसेल, तरी ती हौसेनं बघेल, कारण ते शुभ आहे असं तिला सांगितलं जाईल. त्यांच्या बायका तुमचं माप ओलांडणं तसंच बघतील. मग आईनं बांगडी चढवणं हीसुद्धा "आमच्या घरची रीत" म्हणून दोन्हीकडच्यांना सांगता येते. आणि त्यांच्या मंगळसूत्रात दोन पुस्ते, म्हणजे सोन्याची पदकं असतात, एक सासरचं, एक माहेरचं. माहेरचं पुस्तं आईनं घडवून आणावं आणि आईनंच ताटात ठेवावं. यावर कोणी हरकत घेईल असं मला वाटत नाही, आणि आयुष्यभर ते तुझ्या गळ्यात राहील.

कन्यादानाचा प्रश्न राहिला. काका-काकूंना बसवणं हा काही गुन्हा नाही. त्यांची माया असेल तर त्यांनाही घ्या. पण "आई एकटी बसली तर लग्न लागत नाही" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम एवढंच म्हणतं, की दोघांपैकी कोणाही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. हळद कोणी लावली, ओटी कोणी भरली, याची त्यात नोंद नाही. गुरुजी कोण बोलावताय, यावर मात्र बरंच अवलंबून आहे. मुहूर्त पक्का करतानाच त्यांना स्पष्ट विचार: "आई एकटी कन्यादानाला बसेल, चालेल का?" चालत असेल तर उत्तम. नसेल तर वाद न घालता दुसरे गुरुजी बघा. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीतून कितीतरी स्त्रिया पौरोहित्य शिकल्या आहेत आणि लग्नं लावतात. तू पुण्यातच आहेस, तिथं चौकशी करता येईल. काही जणी-जण कन्यादान हा विधीच गाळतात, तोही मार्ग आहे. तुला काय हवं ते ठरव, पण आईला हौस असेल तर फक्त तत्त्वासाठी गाळू नकोस.

आणि कोर्टातल्या सह्या? तो पर्याय मी हलका मानत नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहतो आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, मग तीस दिवस थांबावं लागतं, आणि सह्यांना तीन साक्षीदार लागतात. लग्न मार्गशीर्षात असेल तर या आठवड्यातच हलावं लागेल. पण आधी स्वतःला विचार, तुला साधं लग्न हवं आहे, की आत्यापासून पळायचं आहे? साधंच हवं असेल तर खुशाल कर; साक्षीदारांत पहिली सही आईची घे आणि संध्याकाळी घरी बांगड्या भरा. पळण्यासाठी करत असशील तर बघ, आईला वाटेल की तिच्यामुळे लेकीचं लग्नसुद्धा धड झालं नाही. ज्या दोषातून तिला सोडवायचं, तोच तिच्या माथी बसेल. तुझ्या पत्रात तू पिवळ्या साडीचा उल्लेख केला नाहीस, पण हळद, चुडा, ओटी या गोष्टी इतक्या बारकाईनं लिहिल्या आहेस की मला वाटतं, तुला त्या हव्या आहेत. फक्त आईसकट हव्या आहेत.

ऐनवेळी कोणी बोललंच तर? एखादी लांबची मावशी, एखादी शेजारीण बोलतेच. त्यासाठी आधीच एका माणसाला नेमून ठेव. मामा उत्तम. अशा वेळी त्यांनी पुढं होऊन म्हणावं, "आमच्याकडे असंच ठरलंय," आणि विषय बदलावा. तू स्वतः उत्तर देऊ नकोस. मुंडावळ्या बांधून, ओल्या हळदीच्या अंगानं भांडू नये. आईच्या शेजारी आईची एखादी जिवलग मैत्रीण बसव. तिला रडू आलं तर येऊ दे. बाबांचा फोटो मांडवात ठेवायचा की नाही, हेही तिलाच विचार. काहींना त्यानं धीर येतो, काही कोलमडतात.

तुझ्यासारख्या इतर मुलींनाही हे लागू आहे, म्हणून क्रम पुन्हा सांगते. आधी आई, मग होणारा नवरा, मग मामा, मग आत्या, मग सासर, आणि शेवटी गुरुजी आणि कासार. बहुतेक जणी उलट करतात. आत्याशी भांडून सुरुवात करतात आणि आईला सगळ्यांत शेवटी, तेही तिच्यावतीनं सगळं ठरवून झाल्यावर सांगतात. भावांनो, तुमच्या बहिणीचं लग्न असेल तर हे सगळं तिच्यावर टाकू नका. आईशी पहिलं बोलणं तुम्हीही करू शकता, आणि मांडवात कोणी कुजबुजलं तर तुमचा शब्द तिच्या शब्दापेक्षा लवकर ऐकला जातो. हे योग्य आहे असं नाही, पण आज तसं आहे, तर त्याचा उपयोग करा.

पत्रिका छापून झाली का, हे तू लिहिलं नाहीस. झाली नसेल तर थांबव. पुष्कळ पत्रिकांत वडील नसले की निमंत्रक म्हणून काका आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत आई. तुमच्या पत्रिकेत पहिलं नाव आईचं असू दे, पूर्ण, ठळक. तेलुगू बाजूसाठी वेगळी पत्रिका निघणार असेल तर तिच्यातही तसंच. प्रेसवाला नेहमीचा मसुदा पुढं करेल, त्यात खाडाखोड करावी लागेल. प्रूफ घरी मागव, आणि ते तपासायला आईच्याच हातात दे.